ओव्हिलाच्या गाण्यातला पाय

गायक ओव्हिला सीरच्या पहिल्या सहा गाण्यांत ठेका धरणारा जो पाय वाजतो तो कुणाचा, हे आन्स-झेनों गावात कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच मिळायचं. अदेलार बुर्दाजचा. कुणाला शंका असलीच, तर चर्चमागच्या दफनभूमीत तिसऱ्या रांगेतला काळा दगड होता. त्यावर कोरलेलं होतं, 'अदेलार बुर्दाज. याच्या पायांवर ओव्हिलाची गाणी उभी राहिली.' खाली बुटांची एक जोडीही कोरली होती. कोरणाऱ्याचा हात चुकला असावा, कारण डावा बूट उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं मोठा होता.

इमेल्दा पुआरिए दर रविवारी त्या दगडावरून जायची आणि दर रविवारी तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. अदेलार तिच्या थोरल्या बहिणीचा, रोलांदचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणून ती मोठ्यानं काही बोलत नसे. मनात मात्र क्रूस करून झाला की लगेच म्हणायची, "खोटारड्या, तो पाय माझा आहे."

आणि तो होताही तिचाच. ही गोष्ट जगात फक्त तिला माहीत होती. निदान तिला तसं वाटत होतं. तीस वर्षं ती गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणी कुणाच्या मेंढीला विष घातलं, सगळं तिच्या कानांवरून गेलेलं. आपल्याला ठाऊक नाही असं या गावात काहीच उरलेलं नाही, याबद्दल तिची खात्री होती.

आता दोघी बहिणी गावातल्या वृद्धनिवासात शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होत्या. इमेल्दा ऐंशीची, रोलांद त्र्याऐंशीची. रोलांदला कमी ऐकू यायचं, आणि त्यामुळे आपण कुजबुजतो आहोत असं तिला वाटे तेव्हा ते तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. तिच्या उशाशी अदेलारचा फोटो असे. कुणी नवीन परिचारिका आली की रोलांद आधी फोटो दाखवायची. "हे माझे यजमान. ओव्हिलाचा पाय." ती पोर बिचारी घाबरून पांघरुणाखाली बघायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत माँट्रियलहून मायेल नावाची मुलगी आली. केस एका बाजूनं कापलेले, पाठीवर भली मोठी पिशवी, आणि बोलायला गोड. ओव्हिलाची अगदी सुरुवातीची ध्वनिमुद्रणं नव्यानं निघणार होती. मूळ टेप सापडली होती, तिच्यावरची साठ वर्षांची धूळ झाडून झाली होती, आणि सोबत एक पुस्तिका छापायची होती.

"त्यात सगळ्यांची नावं येणार," मायेल नाश्त्याच्या टेबलाशी बसून म्हणाली. "गाणी, आवाज, गिटार: ओव्हिला सीर. ध्वनिमुद्रण: फादर ल्युसिएँ. पाय: अदेलार बुर्दाज. बरोबर ना, मादाम रोलांद?"

"बुर्दाजमध्ये शेवटी एस लाव, बोलताना ऐकू येत नाही तो," रोलांद म्हणाली. "त्यांच्या घरात त्यावरून भांडणं झाली आहेत."

"शुक्रवारी छपाईला जाईल. त्याआधी गुरुवारी जेवणानंतर इथे सगळ्यांना मूळ टेप ऐकवायची आहे. मादाम इमेल्दा, तुम्ही तर त्या घरातल्याच. तुम्हाला काही आठवतं?"

इमेल्दानं पावाच्या तुकड्यावर काकवी पसरली. अगदी कडेपर्यंत पसरली. मग म्हणाली, "माझी त्या दिवशी दाढ दुखत होती."

पण त्या क्षणापासून तिचा जेवणावरचा जीव उडाला. दगडावर कोरलेलं खोटं गावापुरतं होतं. त्याला शेवाळ आलं असतं, बर्फानं अक्षरं झिजली असती. छापलेलं मात्र देशभर गेलं असतं, ग्रंथालयांत जाऊन बसलं असतं. आयुष्यभरात आपण एकच गोष्ट अशी केली की जी लोक अजून ऐकतात, आणि तिच्यावर नाव त्या लंगड्या अदेलारचं! गुरुवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं. आत्ता नाही सांगितलं तर मग तिलाही दगडावरच बोलावं लागलं असतं.

रोज रात्री ठरवायची आणि रोज सकाळी रोलांद शेजारच्या खोलीत त्या फोटोची काच पुसताना दिसली की तिचं अवसान गळायचं.

* * *

झालं होतं ते असं.

ते साल एकसष्ट. ओव्हिला तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि मासे खारवायच्या शेडमध्ये कामाला होता. गाणी रचायचा, गायचाही गोड, पण त्याच्यात एक खोट होती. त्याला ताल सांभाळता येत नसे. गाणं दुःखाचं असलं की तो तबेला दिसलेल्या घोड्यासारखा सुटायचा. पहिलं कडवं चालत, दुसरं धावत, आणि तिसऱ्यात कोण मेलं ते कळायच्या आत गाणं संपलेलं असे.

फादर ल्युसिएँकडे टेपरेकॉर्डर होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना प्रवचन ऐकवता यावं म्हणून बिशपांनी तो दिला होता. ओव्हिलानं हातापाया पडून एका दुपारपुरता तो मागितला. फादर म्हणाले, पाचच्या प्रार्थनेला यंत्र परत हवं, आणि वापरताना मी स्वतः हजर राहणार. जागा ठरली पुआरिएंच्या घरचं स्वयंपाकघर. त्या जमिनीच्या पाइनच्या फळ्यांखाली बटाट्याचं तळघर होतं, त्यामुळे जमीन ढोलासारखी बोलायची. आणि दिवस ठरला उपवासकाळाच्या मधला गुरुवार.

चाळीस दिवस ना नाच, ना गोडधोड, ना दारूचा थेंब. मध्ये हा एक गुरुवार तेवढा मोकळा. त्या दिवशी लोक सोंगं घेऊन घरोघर फिरत. पुरुष बायकांचे झगे घालत, बायका पुरुषांच्या विजारी. तोंडावर पिठाची गोणी, तिला डोळ्यांपुरती दोन भोकं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं, त्यामुळे सगळं गाव दमेकऱ्यासारखं बोले. घरच्यांनी ओळखलं तर गोणी काढायची. नाही ओळखलं तर तसंच, न सांगता निघून जायचं. आणि मग वर्षभर कुणी विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. तो नियमच होता.

पुआरिएंच्या घरात दोन मुली. पापा मोठे कडक. खुर्चीत बसून टाचा-चवड्यांनी ठेका धरणं हे पुरुषांचं काम, असं त्यांचं ठाम मत. मुलीचे पाय चालण्यासाठी आणि गुडघे प्रार्थनेसाठी. इमेल्दा मात्र लहानपणापासून गोठ्यात दुधाची बादली गुडघ्यांत धरून ठेका धरायची. गाईंना तो इतका अंगवळणी पडला होता की पापा दूध काढायला बसले तर त्या दूध चोरत.

त्या गुरुवारी ती दाढ दुखते म्हणून माडीवर जाऊन पडली. रोलांद जेर्त्रुद मावशीकडे गोधडी शिवायला गेली होती. थोड्या वेळानं मागच्या जिन्यानं एक सोंग खाली उतरलं, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आलं. पापांचे जुने बूट, पापांची जुनी विजार, तोंडाला गोणी. पापा घरात होते, ते म्हणाले, "हा शेजारच्या तेलेस्फोरचा गडी दिसतोय." सोंगानं नाही म्हणून मान हलवली. मग कोण, ते कुणालाच सांगता येईना.

ओव्हिलानं गिटार घेतली आणि दुसऱ्याच ओळीला सुटला. फादरनी यंत्र थांबवलं. पुन्हा सुरू, पुन्हा सुटला. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यातलं ते सोंग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलं आणि पायांनी ठेका धरला. टाच, चवडा, चवडा. टाच, चवडा, चवडा. ओव्हिलाला जणू कुणी लगाम घातला. तो हसला, आणि गाऊ लागला. एकापाठोपाठ एक सहा गाणी झाली.

चौथ्या गाण्यात, 'दोरी सोड' म्हणून जे आहे त्यात, बरोबर मध्यावर पाय थांबतो. सात मात्रा पूर्ण शांत. मग चर्र असा आवाज, आणि पाय पुन्हा सुरू. या सात मात्रांवर पुढे एका प्राध्यापकानं तीन पानं लिहिली. त्याच्या मते ते विरहातलं मौन होतं आणि चर्र म्हणजे अश्रू विस्तवावर पडल्याचा भास. खरं म्हणजे ती काकवी होती. ममानं टॉफीसाठी चुलीवर काकवीचं पातेलं ठेवलं होतं, तेवढ्यात दारावर दुसरी सोंगं आली म्हणून ती दार उघडायला गेली, आणि काकवी उतू जायला लागली. उतू जाणारं पातेलं बघून इमेल्दाला बसवेना. ती उठली, पिठाच्या पेटीमागे खिळ्याला टांगलेलं फडकं न बघता ओढलं, पातेलं उतरवलं, फडकं परत खिळ्याला, आणि येऊन बसली.

तेलेस्फोरच्या गड्याला पुआरिएंच्या घरातल्या फडक्याची जागा कशी ठाऊक? ममा दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी माडीवर आली, इमेल्दाच्या तोंडात एक लवंग कोंबली आणि म्हणाली, "दाढेला हो. गुडघ्यांनाही लागेल, जरा जास्तच चाव."

रविवारी मात्र घोळ झाला. मिस्सा संपल्यावर सगळा गाव चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून बोलत असे. फादरनी आदल्या दिवशी ती टेप अंथरुणाला खिळलेल्या तीन म्हाताऱ्यांना ऐकवली होती आणि त्यातला एक उठून बसला होता. त्यामुळे न विचारण्याचा नियम बाजूला राहिला आणि विषय एकच होता: तो पाय कुणाचा? अदेलार बुर्दाज एका बाजूला उभा होता. पापा निळ्या पक्षाचे, बुर्दाज घराणं तीन पिढ्या लाल पक्षाचं. त्यामुळे अदेलारनं रोलांदकडे बघायचीही सोय नव्हती.

पापा त्याच्याकडे गेले. "गुरुवारी दुपारी माझ्या गोठ्याकडे बर्फात बुटांचे ठसे होते. तू कुठे होतास रे?"

अदेलारचा चेहरा चुन्यासारखा झाला. "मी? मी तुमच्या स्वयंपाकघरात होतो, मोस्यू पुआरिए. तोंडाला गोणी होती. तो... तो पाय माझाच."

इमेल्दा तिथेच उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. 'खोटं, पाय माझा' म्हणायचं तर पापांची विजार घालून फादरसमोर बसले होते हेही म्हणावं लागलं असतं.

पापांनी अदेलारचे पाय निरखून पाहिले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लाल का असेना, पण काय पाय आहे!"

जूनमध्ये रोलांदचं लग्न झालं.

लग्नात सगळ्यांनी अदेलारला खुर्चीत बसवलं. तो म्हणाला, काल घोटा मुरगळला. नाताळात म्हणाला, थंडीनं घोटा धरला. पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी, जिथे जिथे व्हायोलिन वाजलं तिथे तिथे अदेलार लंगडत आला आणि लंगडत गेला. पन्नास वर्षं लंगडला. शेवटी शेवटी तो खरंच लंगडतोय की सवयीनं, हे डॉक्टरलाही सांगता येईना. इमेल्दा हे बघून मनातल्या मनात हसायची आणि जळायचीही. एवढं लंगडण्यापेक्षा खरं सांगायला काय हरकत होती या माणसाला? कीर्तीची हाव, दुसरं काय.

* * *

गुरुवारी जेवणाच्या हॉलमध्ये वाटाण्याचं सूप संपलं, टेबलं पुसून झाली आणि मायेलनं यंत्र मांडलं. चाळीसएक म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या. रोलांदनं निळा झगा घातला होता आणि मांडीवर अदेलारचा फोटो, तोंड यंत्राकडे करून धरला होता, म्हणजे त्यालाही ऐकू यावं. इमेल्दा तिच्या शेजारी. तिसरं गाणं संपलं की उभं राहायचं, असं तिनं ठरवलं होतं.

टेप सुरू झाली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, फादरांचा खोकला, मग ओव्हिला. इतका कोवळा आवाज की दोघी-तिघींनी रुमाल काढले. आणि मग पाय. टाच, चवडा, चवडा. स्वच्छ करून घेतल्यामुळे तो इतका जवळून येत होता की खालच्या तळघरातल्या बटाट्यांचा वास यावा.

तिसरं गाणं संपलं. इमेल्दानं टेबलाला हात टेकले. रोलांद फोटोवर बोट फिरवत होती. इमेल्दा उठली नाही.

'दोरी सोड' सुरू झालं.

तिला ते कळलंही नाही. टेबलाखाली तिचे पाय चालू झाले होते. मऊ सपाता, खाली मऊ फरशी, आवाज कसला येतोय. टेबलक्लॉथची कड तेवढी थरथरत होती. रोलांदला ऐकू कमी येई, पण दिसायचं चांगलं. तिनं खाली पाहिलं. गाणं मध्यावर आलं, आणि टेपवरचा पाय थांबायच्या एक मात्रा आधी टेबलाखालचे पाय थांबले. सात मात्रांच्या त्या शांततेत इमेल्दाचा डावा हात आपोआप मागे गेला, न बघता, पिठाच्या पेटीमागच्या खिळ्याकडे.

तो हात कुठे चाललाय हे त्याच स्वयंपाकघरात वाढलेल्या रोलांदला लगेच कळलं. "फडकं!" ती ओरडली.

मायेलनं दचकून यंत्र बंद केलं.

"इमेल्दा! तू? तू होतीस ती?"

"मी होते," इमेल्दा म्हणाली. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं भाषण सगळं विसरली. "पाय माझा आहे."

"तू तर दाढदुखीनं माडीवर पडली होतीस!"

"आणि तुला काय माहीत? तू तर जेर्त्रुद मावशीकडे गोधडी शिवत होतीस."

रोलांदनं इकडेतिकडे पाहिलं, बहिणीच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "कसली गोधडी! मी गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर होते. अदेलारबरोबर."

हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. पलीकडच्या टेबलावरच्या ब्याण्णव वर्षांच्या मोस्यू ओझियासनी विचारलं, "कुठल्या माळ्यावर?"

"गवताच्या!" चार जणांनी एकदम सांगितलं.

इमेल्दानं कपाळावर हात मारला. तीस वर्षं एक्स्चेंज, आणि ही एक बातमी हातची गेली! "म्हणजे... तो स्वयंपाकघरात नव्हताच, हे तुला सगळा वेळ ठाऊक होतं?"

"माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

"मग तो पायऱ्यांवर खोटं बोलला ते..."

"माझ्यासाठी बोलला. नाहीतर पापांनी त्याला गोठ्यातच पुरला असता आणि मला मठात धाडलं असतं. त्या पायानंच माझं लग्न झालं, इमेल्दा. कुणाचा पाय तो एवढंच मला कधी कळलं नाही. मला वाटायचं तेलेस्फोरचा गडी. दर नाताळला त्याला केक पाठवत होते मी."

"पण मग दगडावर कशाला कोरलंस?"

"त्यानंच बजावून ठेवलं होतं. म्हणाला, कोरलं नाहीस तर तुझे पापा वर विचारतील, का नाही कोरलं म्हणून."

मोस्यू ओझियास हसता हसता खोकू लागले आणि परिचारिकेला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. रोलांद मात्र हसत नव्हती. तिनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला होता. इमेल्दाला वाटलं, मिळवलं आपण नाव, आणि बहिणीकडे काय उरलं? एक लंगडा माणूस.

"पन्नास वर्षं," इमेल्दा हळूच म्हणाली. "पन्नास वर्षं तो तुझ्या अब्रूसाठी लंगडला. आणि मी त्याला दर रविवारी खोटारडा म्हणत आले."

"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही."

"तुझा नवरा चांगला होता म्हणतेय!"

"ते मला ठाऊक आहे," रोलांद म्हणाली, आणि फोटो पुन्हा सुलटा केला.

मायेल मध्येच अडखळत म्हणाली, "मादाम इमेल्दा, तुम्ही... तुम्हाला अजून येतं का? मी रेकॉर्ड केलं तर? शेवटी, सहा गाण्यांनंतर, नुसता पाय."

"या सपातांवर? आणि या रबरी फरशीवर? उंदीरसुद्धा जास्त आवाज करेल."

स्वयंपाकीण आतून पाव मळायची मोठी फळी घेऊन आली आणि खाली ठेवली. बूट मात्र कुणाकडे नव्हते. सगळ्यांच्या पायांत सपाता. तेव्हा रोलांद उठली, काठी टेकत आपल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून एक खोका घेऊन आली. आत अदेलारचे लग्नातले काळे बूट होते. इमेल्दानं ते उलटे करून पाहिले. तळ नव्यासारखा कोरा. एक ठेका पडलेला नाही.

"मेजवानीला जायचं म्हणून दर वेळी पॉलिश करायचा," रोलांद म्हणाली, "आणि दर वेळी तसेच परत आणायचा."

इमेल्दानं बूट चढवले. मोठे होत होते, म्हणून उजव्यात एक मोजा कोंबला. डाव्यात दोन कोंबावे लागले, तरी तो सैलच.

"हा डावा इतका मोठा कसा गं?"

"घोट्याला पट्टी बांधायचा ना तो, लोकांना दिसावी म्हणून. ती मावेल असा मुद्दाम करून घेतला होता."

म्हणजे दगड कोरणाऱ्याचा हात चुकलेला नव्हता. इमेल्दाला एकदम हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तिनं पहिली टाच आपटली.

सुरुवातीला गुडघे कुरकुरले. मग पायांना आठवलं. टाच, चवडा, चवडा. फळी ढोलासारखी बोलायला लागली. मोस्यू ओझियासनी दोन चमचे एकमेकांवर वाजवायला घेतले, कुणीतरी 'दोरी सोड' गुणगुणायला लागलं, आणि ओव्हिलासारखंच सुटायला लागलं. इमेल्दाच्या पायांनी त्यांना ओढून धरलं. मध्यावर आल्यावर ती सात मात्रा थांबली. रोलांद त्या शांततेत पुढे होऊन, यंत्रात नीट उतरेल अशा आवाजात, मायेलच्या कानात कुजबुजली.

"लिहून घे, पोरी. पाय: इमेल्दा पुआरिए. आणि त्याच्याखाली, बूट: अदेलार बुर्दाज. शेवटी एस."